वायदे बाजारातील मध्यस्थ : पात्रता आणि प्रशिक्षण

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी सुरू होते आणि पौष उजाडेपर्यंत भारी धानाचे चुरणेही बहुतेक ठिकाणी आटोपते. पुंजण्यांतील धान पोत्यांत भरले जाते, आधारभूत खरेदी केंद्रावर त्याचे माप होते आणि यथावकाश चुकाऱ्याची रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते. उन्हाळी धान घेणाऱ्यांचा अपवाद सोडल्यास वर्षातून एकरकमी पैसा हाती येण्याचा हाच काय तो काळ. सोसायटीचे कर्ज फेडावयाचे, घरचे लग्नकार्य उरकावयाचे, बांध्यांची दुरुस्ती करावयाची, असे अनेक बेत याच रकमेवर आखलेले असतात. नेमक्या याच सुमारास या रकमेवर इतरांचीही दृष्टी वळते.

पूर्वी अशी माणसे प्रत्यक्ष गावात येत. आता ती भ्रमणध्वनीवरून येतात. वायदे बाजारात हरभऱ्याचे, सोन्याचे, खनिज तेलाचे सौदे करून देऊ, महिन्याभरात रक्कम दीडपट होईल, असा मजकूर त्यांच्या संदेशात असतो. बोलणारा गृहस्थ सफाईदार असतो व स्वतःस बाजाराचा तज्ज्ञ म्हणवितो. हा अधिकार त्याला कोणी दिला, त्याने कोणती परीक्षा दिली आहे, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वास्तविक आपला शेतकरी या बाबतीत अजाण नाही. खते व कीटकनाशके विकणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, हे त्यास ठाऊक आहे. निविष्ठा विक्रेत्यांना पीकशास्त्राचे ज्ञान व्हावे म्हणून हैदराबादच्या मॅनेज संस्थेने 2003 मध्ये ‘देसी’ नावाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला आणि तो पुरा केलेले विक्रेते आज आपल्या जिल्ह्यांतही आढळतात. पिशवीभर खत विकणाऱ्यास जर पात्रता लागते, तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचे सौदे करणाऱ्यास ती लागणार हे उघड आहे. ही पात्रता कोणती, तिचे प्रशिक्षण कोठे मिळते आणि ती कशी तपासावी, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

वायदा म्हणजे काय

आज ठरविलेल्या भावाने पुढील ठरावीक महिन्यात माल देण्याघेण्याचा करार म्हणजे वायदा. पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून उचल घ्यावयाची व चुरणे झाल्यावर ठरलेल्या भावाने धान घालावयाचे, ही रीत खेड्यांना अपरिचित नाही. तीही एक प्रकारची आगाऊ विक्रीच होय. फरक इतकाच की, वायदे बाजारात कराराचे वजन, मालाची प्रत, वितरणाचे केंद्र व मुदत ही बाजाराने आधीच ठरवून दिलेली असतात, सौदा संगणकावर होतो आणि दोन्ही पक्षांकडून अनामत घेतलेली असते. या अनामतीस बाजारात मार्जिन म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीजवळ डिसेंबरात 500 क्विंटल बारीक धान आहे आणि त्या धानाचा वायदा बाजारात चालू आहे. मार्चच्या वायद्याचा भाव क्विंटलला 2,600 रुपये आहे. कंपनीने 500 क्विंटलचा वायदा विकून ठेवला. मार्चमध्ये भाव 2,400 वर आला, तर गोदामातील धानावर क्विंटलमागे 200 याप्रमाणे 1,00,000 रुपये कमी मिळतील, पण वायद्यात तेवढेच पैसे सुटतील. कंपनीचा भाव 2,600 च राहिला. याला जोखमीपासून बचाव करणे म्हणतात आणि वायदे बाजाराचे शेतकऱ्यास उपयोगी असे मुख्य कार्य हेच आहे.

आता भाव उतरण्याऐवजी चढून 2,900 झाला असे धरू. धानाची किंमत वाढली, परंतु वायद्यात क्विंटलमागे 300 प्रमाणे 1,50,000 रुपये द्यावे लागतील. हिशेबाने दोन्ही बाजू सारख्याच होतात. तथापि वायद्यातील तूट रोजच्या रोज रोखीने भरावी लागते आणि धान तर गोदामात पडून असते. रोकड हाताशी नसेल तर दलाल सौदा मध्येच काटून टाकतो व बचावाचा हेतूच विफल होतो. दुसरी गोष्ट अशी की, वायद्याचा भाव ज्या केंद्राचा असतो तेथील भाव 200 रुपयांनी उतरला आणि गोंदियाचा भाव 260 रुपयांनी उतरला, तर क्विंटलमागे 60 रुपयांचे, म्हणजे 500 क्विंटलवर 30,000 रुपयांचे नुकसान उघडेच राहते. हाजर भाव व वायद्याचा भाव यांतील या फरकास बाजारात बेसिस म्हणतात. रोजच्या रोखीचा व बेसिसचा अंदाज न घेता जो मध्यस्थ शेतकरी कंपनीला सौद्यात उतरवितो, तो कितीही उत्साही असला तरी अपुऱ्या तयारीचा होय. पात्रता व प्रशिक्षण यांचा प्रश्न येथे उभा राहतो.

वरील उदाहरण काल्पनिक म्हटले त्यास कारण आहे. सेबीने, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, 20 डिसेंबर 2021 रोजी सात प्रकारच्या शेतमालाचे वायदे एक वर्षासाठी स्थगित केले. त्यांत बासमती नसलेले धान, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, मूग व कच्चे पामतेल यांचा समावेश होता. त्यानंतर या स्थगितीची मुदत अनेकदा वाढविण्यात आली. म्हणून कोणत्याही मालाच्या सौद्याचा विषय निघाला की, त्या मालाच्या व्यवहारास त्या दिवशी परवानगी आहे की नाही, हे बाजाराच्या संकेतस्थळावर प्रथम पाहावे. स्थगितीच्या काळात धानाच्या किंवा हरभऱ्याच्या वायद्याचे आमिष जो दाखवितो, त्याची पात्रता तपासण्याचीही गरज नाही. तो खोटे बोलत आहे एवढे पुरे.

हेही सांगितले पाहिजे की, जो लहान शेतकरी आपले सर्व धान आधारभूत किमतीस विकतो, त्यास वायद्याची गरज नाही. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाची ही किंमत क्विंटलला 2,369 रुपये व ‘अ’ दर्जाच्या धानाची 2,389 रुपये ठरविण्यात आली. भावाच्या उतारापासून त्याचे संरक्षण शासनाने केलेलेच आहे. भावाची खरी जोखीम असते ती बारीक धान खाजगी गिरणीस विकणाऱ्यांना, माल साठवून ठेवणाऱ्या शेतकरी कंपन्यांना आणि भात गिरण्यांना.

मुनीमगिरीपासून परीक्षेपर्यंत

जगातील पहिला संघटित वायदे बाजार तांदळाचा होता, ही गोष्ट धान पिकविणाऱ्या जिल्ह्यास कौतुकाची वाटेल. जपानमधील ओसाका शहरी दोजिमा येथील तांदळाच्या बाजारास तेथील शासनाने 1730 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत शिकागोचा धान्यबाजार 1848 मध्ये स्थापन झाला. आपल्याकडे मुंबईस 1875 मध्ये कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेने कापसाचे वायदे सुरू केले. त्या काळी शिक्षण पेढीवरच होई. मुलगा लहानपणी पेढीवर बसे, आधी निरोप पोहोचवी, मग खतावणी लिही व पुढे सौदे करू लागे. ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ नव्हती, कारण मालाची पारख त्याला हाताने होत असे. परंतु ज्याचा बाप पेढीवर नाही त्याला हे शिक्षण मिळत नसे आणि पैसे बुडाले तर ग्राहकास दाद मागण्याची सोयही बेताचीच होती.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये वायदे व्यवहारांचा कायदा झाला व 1953 मध्ये वायदे बाजार आयोग नेमण्यात आला. 1966 मध्ये टंचाईच्या काळात बहुतेक वायदे बंद झाले. पुढे 2003 मध्ये एमसीएक्स व एनसीडीईएक्स हे देशव्यापी संगणकीय बाजार मुंबईत सुरू झाले. 2007 च्या आरंभी तूर, उडीद, गहू व तांदूळ यांचे वायदे पुन्हा थांबविण्यात आले. 28 सप्टेंबर 2015 रोजी आयोगाचे सेबीमध्ये विलीनीकरण झाले. शेअर बाजारातील मध्यस्थांना लागू असलेली परीक्षा, नोंदणी व तपासणीची शिस्त यामुळे शेतमालाच्या वायद्यांनाही लागू झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा होय.

कोणत्या कामास कोणती पात्रता

वायदे बाजारात काम करणारे सर्वच ‘दलाल’ नव्हेत. बाजाराचा सभासद दलाल, त्याची गावोगावची अधिकृत व्यक्ती, संगणकावर सौदे टाकणारा कर्मचारी आणि सल्ला देणारा, अशा निरनिराळ्या पायऱ्या आहेत व प्रत्येकीची अट वेगळी आहे. फसवणूक होते ती बहुधा एका पायरीवरील माणूस दुसऱ्या पायरीचे काम करू लागतो तेव्हा.

सभासद दलालास सेबीची नोंदणी सक्तीची आहे. 1957 च्या प्रतिभूती करार नियमांनुसार सभासद होऊ इच्छिणारी व्यक्ती 21 वर्षांहून लहान नसावी, ती दिवाळखोर ठरलेली नसावी व फसवणुकीच्या अपराधात दोषी ठरलेली नसावी. तिला या धंद्यात दोन वर्षे काम केल्याचा अनुभवही असावा लागतो. याखेरीज ठरावीक भांडवल दाखवावे लागते व बाजाराकडे अनामत ठेवावी लागते.

गोंदिया, आमगाव किंवा तिरोड्यासारख्या ठिकाणी जे कार्यालय दिसते ते बहुधा सभासदाचे नसून त्याच्या अधिकृत व्यक्तीचे असते. हिची अट पुष्कळ सौम्य आहे. वय 18 वर्षे पुरे, शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण, चारित्र्य निष्कलंक व कार्यालयास पुरेशी जागा, एवढ्यावर सभासदाच्या शिफारशीने बाजार तिला मान्यता देतो. दहावीची अट खेड्यातील तरुणांना दार उघडे ठेवते, हे चांगलेच आहे. परंतु ती ग्राहक आणण्याची पात्रता आहे, भावाचा अंदाज वर्तविण्याची नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अधिकृत व्यक्तीस ग्राहकाचे पैसे स्वतःच्या नावे किंवा स्वतःच्या खात्यावर घेता येत नाहीत. रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यातून थेट सभासद दलालाच्या खात्यातच गेली पाहिजे. रोख रक्कम हातात द्या किंवा माझ्या खात्यावर पाठवा, असे म्हणणाऱ्याची मान्यता खरी असली तरी वर्तन नियमबाह्य आहे.

तिसरी पायरी संगणकावर प्रत्यक्ष सौदा टाकणाऱ्याची व ग्राहकांशी बोलणी करणाऱ्या विक्री कर्मचाऱ्याची. येथे परीक्षा सक्तीची आहे. तिचे वर्णन पुढे येत आहे.

चौथी पायरी सल्लागाराची व संशोधन विश्लेषकाची. गुंतवणूक सल्लागारांसाठी 2013 चे व संशोधन विश्लेषकांसाठी 2014 चे सेबीचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार मोबदला घेऊन प्रतिभूतींत काय घ्यावे, काय विकावे हे सांगणाऱ्यास शैक्षणिक पात्रता, विहित परीक्षा व नोंदणी या तिन्ही गोष्टी लागतात. डिसेंबर 2024 मध्ये शैक्षणिक व अनुभवाच्या अटी बऱ्याच सैल करण्यात आल्या, पण परीक्षा व नोंदणी कायम राहिली. खात्रीच्या नफ्याचे आश्वासन तर या चौघांपैकी कोणालाही देता येत नाही.

परीक्षा व तिचे स्वरूप

सेबीने 2006 मध्ये राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था स्थापन केली. तिला एनआयएसएम म्हणतात व तिचे शैक्षणिक संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. 2007 च्या प्रमाणन नियमांन्वये बाजारातील निरनिराळ्या कामांसाठीच्या परीक्षा ही संस्था घेते. त्यांतील सोळाव्या क्रमांकाची परीक्षा शेतमाल, धातू, इंधन आदी मालाच्या वायद्यांसाठी आहे. दलालाच्या कार्यालयातून या विभागात सौदे टाकणाऱ्यांना व विक्री कर्मचाऱ्यांना ती उत्तीर्ण व्हावी लागते.

परीक्षेत प्रत्येकी 1 गुणाचे 100 प्रश्न असतात व ते दोन तासांत सोडवावे लागतात. उत्तर संगणकावर पर्यायांतून निवडावयाचे असते. उत्तीर्ण होण्यास 60 गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तरास पाव गुण वजा होतो. वायदे व ऑप्शन यांची रचना, त्यांचा जोखीम टाळण्यासाठी उपयोग, सौदा, हिशेबपूर्ती व मालाचे वितरण, कायदे व ग्राहकाशी वर्तन हे विषय अभ्यासास आहेत. संस्थेने त्यासाठी अभ्यासपुस्तिका तयार केली आहे. परीक्षेस बसण्यास पदवीची अट नाही. गोंदियाच्या उमेदवारास नागपूर हे जवळचे मोठे केंद्र पडते.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी उजळणीचा निरंतर शिक्षण वर्ग पुरा करावा लागतो किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ही तरतूद शहाणपणाची होय. 2021 पूर्वी उत्तीर्ण झालेल्या माणसाने सात शेतमालांच्या स्थगितीचे नावही परीक्षेत वाचले नसणार. सबब प्रमाणपत्र पाहताना नावाबरोबर तारीखही पाहावी.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना उद्बोधक ठरेल. तेथे 1982 पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय वायदे संघाकडे नोंदणी करण्यासाठी जी परीक्षा लागते तिचे 120 प्रश्न असून ते दोन भागांत विभागलेले आहेत. एक भाग बाजाराच्या ज्ञानाचा व दुसरा केवळ नियमांचा. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे 70 टक्के गुण मिळवावे लागतात. बाजारात हुशार पण नियमांत कच्चा असा उमेदवार तेथे उत्तीर्ण होत नाही. आपल्याकडे सर्व गुणांची बेरीज एकत्र होते, त्यामुळे नियमांच्या प्रश्नांत मागे पडलेला उमेदवारही इतर गुणांच्या जोरावर पार होऊ शकतो. ग्राहकाच्या दृष्टीने नियमांचा भागच अधिक मोलाचा असल्याने ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

मालाची पारख

परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण वायद्याचे गणित मांडू शकेल, परंतु मूठभर धान हातात घेऊन त्याची ओल सांगू शकेलच असे नाही. शेतमालाच्या बहुतेक वायद्यांत मुदत संपताना प्रत्यक्ष माल द्यावा लागतो. तो माल मान्यताप्राप्त गोदामात जातो, त्याचा नमुना घेतला जातो, ओलावा, काडीकचरा, तुटके व किडके दाणे तपासले जातात आणि ठरलेल्या प्रतीत बसला तरच तो स्वीकारला जातो. नमुना घेणारा परखी ज्या ठिकाणी चुकला किंवा फितला, त्या ठिकाणी संगणकावरचा सारा काटेकोरपणा व्यर्थ ठरतो.

याचा कटू अनुभव देशाने 2013 मध्ये घेतला. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये जुलै 2013 अखेर देणी थकली. सुमारे 13,000 गुंतवणूकदारांचे 5,500 कोटींहून अधिक रुपये त्यात अडकले. हा हाजर व्यवहारांचा बाजार म्हणून चालविला जात होता व तेथे धानाचेही सौदे होत. चौकशीत असे दिसून आले की, ज्या मालाच्या जोरावर सौदे झाले त्यातील बराचसा माल गोदामांत नव्हताच. कागद पाहणारी माणसे भरपूर होती. पोती मोजणारा स्वतंत्र व जाणता माणूस मात्र नव्हता. वायदे बाजार आयोग सेबीत विलीन करण्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता.

त्यानंतर गोदामांची शिस्त कडक झाली. 2007 च्या कायद्यान्वये स्थापन झालेले गोदाम विकास व नियामक प्राधिकरण गोदामांची नोंदणी करते आणि ठेवलेल्या मालाबद्दल संगणकीय गोदाम पावती मिळते. ती तारण ठेवून बँकेचे कर्जही घेता येते. गोदाम व्यवस्थापक, परखी व प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांची गरज त्यामुळे वाढली.

या क्षेत्रात गोंदियाचा तरुण मागे नाही, किंबहुना तो एक पाऊल पुढे आहे. खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा 17 टक्क्यांहून अधिक नसावा, अपक्व व पोचट दाणे 3 टक्क्यांपर्यंतच चालतात, हलक्या प्रतीची भेसळ 6 टक्क्यांपर्यंतच चालते, हे त्याने बापाबरोबर रांगेत उभे राहून पाहिलेले असते. क्विंटलभर धानापासून अरवा तांदूळ 67 किलो व उसना 68 किलो धरला जातो, हा भरडाईचा हिशेब गिरणीत काम करणाऱ्यास पाठ असतो. शहरातील उमेदवारास हे पुस्तकातून शिकावे लागते. या ज्ञानावर परीक्षेचे ज्ञान चढविले, तर गिरणीमालकास, शेतकरी कंपनीस अथवा बँकेस हवा असलेला माणूस तयार होतो.

विदर्भात धानाखेरीज अन्य मालाचाही विचार करता येईल. एनसीडीईएक्सवरील सरकी पेंडीच्या वायद्यात अकोला हे मुख्य वितरणकेंद्र राहिले आहे. धानाचा वायदा स्थगित असला म्हणून शिक्षण वाया जात नाही, ते विदर्भातील दुसऱ्या जिल्ह्यात उपयोगी पडते.

प्रशिक्षणाच्या सोयी

कृषी पदवीधरास या विषयाचा पाया अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी अर्थशास्त्र व विपणन या विषयांतून मिळतो. त्यापुढे जावयाचे असल्यास जयपूर येथील चौधरी चरणसिंह राष्ट्रीय कृषी विपणन संस्था व पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था येथे कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रतवारीचे काम शिकू इच्छिणाऱ्यांनी केंद्र शासनाच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाकडे चौकशी करावी. त्याची मध्यवर्ती अॅगमार्क प्रयोगशाळा नागपुरातच आहे. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात शेतकरी कंपन्यांसाठी भावजोखमीच्या प्रशिक्षणाचा भाग असून त्यास एनसीडीईएक्सच्या संशोधन संस्थेचे सहकार्य आहे. जिल्ह्यातील शेतकरी कंपन्यांच्या संचालकांनी आपल्यापैकी निदान एकास, शक्य तर बारावीपर्यंत गणित शिकलेल्या एखाद्या तरुण किंवा तरुणीस, या प्रशिक्षणास पाठवावे. तिने सौदे करावेत असा याचा अर्थ नव्हे. दलाल जे सांगतो त्यातील खरे किती हे कंपनीच्या बैठकीत कोणास तरी कळले पाहिजे.

या अभ्यासात रोजच्या बाजारभावाची वही ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. गोंदिया बाजार समितीतील भाव, गिरणीचा भाव व जेथे वायदा चालू आहे अशा एखाद्या मालाचा वायद्याचा भाव, असे तीन रकाने सहा महिने भरले की बेसिस म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्येवाचून समजते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी किंवा कृषिमित्र यांच्याकडे शेतकरी विश्वासाने विचारणा करतो. त्यांनी बाजारभावाची माहिती अवश्य द्यावी. परंतु अमुक वायदा घ्या, तमुक विका, असे सांगू नये. तो सल्ला होतो व त्यास नोंदणी लागते. उलट मध्यस्थाची तपासणी करण्यास मात्र त्यांनी शेतकऱ्यास पूर्ण साह्य करावे. त्यास फार वेळ लागत नाही.

मध्यस्थाकडून सभासद दलालाचे नाव व सेबीचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहावा. अधिकृत व्यक्ती असल्यास तिचे नाव बाजाराच्या यादीत पाहावे. संगणक चालविणाऱ्याचे एनआयएसएमचे प्रमाणपत्र व त्याची मुदत पाहावी. पैसे भरण्यापूर्वी खाते कोणाच्या नावे आहे हे वाचावे. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत दलालांना यूपीआयचा जो खास पत्ता दिला गेला आहे त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो, त्यावरून ओळख पटते. सौदा झाल्यास 24 तासांच्या आत करारपत्र मिळाले पाहिजे व बाजाराकडून संदेश आला पाहिजे. करारपत्र नाही, संदेश नाही, हिशेब मात्र चिठ्ठीवर किंवा एखाद्या अनोळखी अॅपवर दाखविला जातो, अशा वेळी सौदा बाजारात गेलेलाच नाही असे समजावे. अशा बाजाराबाहेरील सौद्यांना डब्बा व्यवहार म्हणतात. 1956 च्या प्रतिभूती करार कायद्यानुसार त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा 25 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यात ग्राहकाची परिस्थितीही नाजूक होते, कारण बाजारात नोंद नसलेल्या सौद्याबद्दल बाजार त्यास दाद देऊ शकत नाही.

नोंदणीकृत दलालाविरुद्ध तक्रार असल्यास प्रथम त्याच्याकडे लेखी करावी, नंतर बाजाराकडे व सेबीच्या स्कोअर्स या तक्रार व्यवस्थेत नोंदवावी. सेबीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक 1800 22 7575 हा आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने फसविले असल्यास विलंब न लावता पोलीस ठाण्यात जावे आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या क्रमांकावर कळवावे. पैसे ज्या दिवशी गेले त्याच दिवशी कळविल्यास रक्कम पुढच्या खात्यात अडविण्याची शक्यता अधिक असते. तक्रारीबरोबर बँकेचा उतारा, करारपत्र, आलेले संदेश व ज्या क्रमांकावरून बोलणे झाले तो क्रमांक जोडावा. भ्रमणध्वनीवरील संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत.